अंदाजवाले बोरसेभाऊ

परवा एक पोरगी आली होती दारात. खांद्याला पिशवी, हातात पाटीएवढा मोबाईल. म्हने आजी, तुमच्या घरी पंखा किती वेळ चालतो, टीव्ही किती वेळ, फ्रीज आहे का. मी म्हनलं, आधी बस, पानी पी, ऊन काय आहे बाहेर. ती पानी प्याली, आन मी सांगन ते बोटानं टिपत गेली. विचारलं, हे कशाला गं? म्हने पुढं किती वीज लागनार त्याचा अंदाज काढायचा आहे.

मी म्हनलं, बाई, ह्या कामाला तुझ्याआधी एक मानूस येऊन गेला. ह्याच घरात राहत होता. ती हसली. तिला वाटलं म्हातारी काहीबाही बोलते. गेली पुढच्या दारी. आन माझ्या डोक्यात दिवसभर बोरसेभाऊच.

आमचं गाव भुसावळच्या जवळ, कोळशावर वीज करनाऱ्या थर्मलच्या वाऱ्याखाली. धुनं वाळत टाकलं की त्याच्यावर राख बसते. आमच्या पोरांना पाटी लागायची नाही, ओट्यावर बोटानं अक्षरं गिरवायची, एवढी राख. मी मूळची धुळ्याकडची. लग्न होऊन इकडं आले तव्हा माझी बोली इथं कोनाची नव्हती. मी 'आहे'च्या जागी 'शे' म्हनलं की सासू पदर तोंडाला लावून हसायची. हळूहळू मी तसं बोलायचं सोडून दिलं. माहेरची मानसंही एकेक करून गेली. मंग बोलायचं तरी कोनाशी?

बोरसेभाऊ आले ते खोली बघायला. नाना त्यांना घेऊन आले. नाना म्हंजे आमच्या घरचे, गाव त्यांना नाना म्हनायचं, मीही तेच म्हनायची. आमची पुढची खोली रिकामी होती. उंच, वाळका मानूस, डोळ्यावर चष्मा, शर्टाच्या खिशात तीन-चार पेनं. मानूस खोली बघायला आला की नळ पाहतो, संडास कुठं ते विचारतो. ह्यांनी आधी मीटर पाहिलं. मीटरच्या खाली उभं राहून, मान वर करून, देवळात उभं राहावं तसे उभे. मी आतून नानांना म्हनलं, "मानूस बराबर शे ना हो?" माझ्या तोंडून निघून गेलं. बोरसेभाऊंनी मान वळवली.

"अक्का, तू कोठनी शे?"

"धुळानी."

"मी बी तथलाच शे."

झालं. खोली ठरली. भाडं काय, पागडी काय, काही बोलनं झालं नाही. मी चहा ठेवायला आत गेले आन चुलीपाशी जरा वेळ बसून राहिले. कितीतरी वर्षांनी मला कोनी तसं विचारलं होतं.

ते वीज कंपनीच्या हेड ऑफिसातून आले होते. थर्मलला वीज करायचा नवा संच बसवायचा का नाही, ते ठरायचं होतं. त्यासाठी हे गावोगावच्या सबस्टेशनवर जायचे, तिथले आकडे आनायचे आन कॉम्प्युटरमध्ये भरायचे. कॉलनीत त्यांना जागा होती. तिथं मेसमध्ये रोज पोळी. ह्यांना ज्वारी-उडदाच्या कळन्याची भाकरी पाहिजे. एवढ्यासाठी मोठा इंजिनेर मानूस आमच्या राखेत येऊन राहिला.

त्यांना 'नक्की' म्हनता यायचं नाही. ही त्यांची पहिली खोड. मी विचारायची, "भाऊ, वांग्याच्या भरतात मीठ बराबर शे का?" तर म्हननार, "अंदाजे बराबर शे." नाना विचारायचे, उद्या जेवायला आहात का? "अंदाजे आहे." आन यायचेच वेळेवर, पन आधी नक्की म्हननार नाहीत. म्हनायचे, नाना, नक्की म्हणायला माझ्याजवळ काय आहे?

दुसरी खोड म्हंजे विचारनं. विहिरीवर बायका धुनं धूत असल्या तर हे लांब उभे राहून विचारनार, इस्त्री कधी करता? गिरनी कधी चालते? टीव्ही कधी लावता, बंद कधी करता? बायका आधी लाजायच्या, मंग हसायच्या. गावानं त्यांचं नाव 'अंदाजवाले' पाडलं. आमच्या शेजारची कमल फार तोंडाची. एक दिवस तिनं त्यांना रस्त्यातच धरलं.

"काय हो अंदाजवाले, माझी म्हैस भरली आहे. रेडा होईन का पारडी? सांगा बरं तुमच्या मशीनीले विचारून."

दुसरा कोनी हसून गेला असता. हे थांबले. चष्मा पुसला. विचारलं, मागच्या वेळी काय झालं होतं? कमल म्हनली रेडा. त्याच्या आधी? तव्हाबी रेडाच. भाऊंनी जरा विचार केला आन म्हनले, "मग अंदाजे रेडा."

"जळो तुमची मशीन!" कमलनं शिव्या दिल्या. रेडा कोनाला पाहिजे असतो?

म्हशीला झाली पारडी. कमल वाटीभर चीक घेऊन आली, वडी करून, आन त्यांच्यासमोर ठेवून म्हने, "घ्या, तुमच्या रेड्याचा चीक." भाऊंनी वडी खाल्ली, सगळी खाल्ली. मंग मला म्हनले, अक्का, मागचं बघून पुढचं सांगायचं, एवढंच माझं काम. मागचंच कमी माहीत असलं, की पुढचं चुकणार.

दुपारी ते खोलीत काम करायचे. आमच्याकडचा उन्हाळा म्हंजे भट्टी. डोक्यावर ओला पंचा, आन कॉम्प्युटर पाटावर, पाटाखाली ओलं गोनपाट. मी विचारलं, तिच्याखाली ओलं कशाला? म्हनले, तिला घाम येत नाही ना अक्का, म्हणून तापते. मी दर थोड्या वेळानं गोनपाटावर पानी शिंपडून यायची. पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसं.

एकदा त्यांनी मला आतलं दाखवलं. काळ्या पाटीवर एक रेघ. चढत जायची, उतरायची, परत चढायची. जागोजाग बोट ठेवत म्हनले, "हाई देख, हाई सकाय. आठे गिरण्या चालू झाल्या. हाई दुपार. आन हाई संध्याकाय, आठे तू दिवा लावा."

"मी कुठं आहे ह्याच्यात?"

"शे ना. बठ्ठा शेतस. पण दिसाऊ नहीत." बठ्ठे म्हंजे सगळे आहेत, पन दिसत नाहीत.

रेघेत मधेच एक सुळका होता. उभा, ताडासारखा. मी विचारलं हे काय? तर म्हनले, ही शेतीची लाईट. शेतीला लाईट देतात त्या वेळेला एकदम एवढी वीज ओढली जाते. दर वर्षी हा सुळका वाढतोय. आज जे थर्मल आहे ते पुढं ह्याला पुरणार नाही. म्हणून नवा संच लागेल, असं ही म्हणते. आन त्यांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला. खूश होते. चांगलं काम झाल्यावर मानूस जसा खूश असतो, तसे.

मी विचारलं, "नवा संच कुठं होईन?"

"ते दुसऱ्या खात्याचं काम. मी फक्त लागेल का नाही ते सांगतो."

हे बोलनं झालं आन पुढच्या थंडीत पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. थर्मलची भिंत आमच्या बाजूनं सरकनार होती. नाल्याच्या अलीकडचे बठ्ठे मळे आत. आमचाही.

तो मळा काही फार मोठा नव्हता. पन विहीर सासऱ्यानं खनलेली, आन ती आटली तव्हा नानांनी आन मी परत खोल केली. नाना खाली, मी वर. टोपलीनं गाळ ओढायची मी, पोरगं पोटात असताना. लोक म्हनायचे बाई मरन. मेले नाही. पानी लागलं तव्हा नाना खालून ओरडले, आन मी वरून पाहिलं तर त्यांचे पाय ओले. त्या पान्यावर केळी लावली. केळीवर पोरगं शिकलं, पोरगी दिली. दुसरं आमच्याकडं काहीच नव्हतं. मळा गेला तर आम्ही कोन? दुसऱ्याच्या केळीत मजुरीला जानारे. नाना वाचता येत नसताना त्या नकाशासमोर जाऊन उभे राहायचे.

बोरसेभाऊ त्या दिवशी फैजपूरकडून आले, नकाशा पाहूनच घरी आले. ताट वाढलं तर बसले, पन हात घातला नाही.

"भाऊ, जेवी ल्या."

"अक्का, पोट भरनं."

दुसऱ्या दिवशी ते नानांना म्हनले, मला मळा दाखवा. एवढे महिने राहिले, गावोगावच्या सबस्टेशनचे आकडे आनले, पन मळ्यात कधी आले नव्हते. मी भाकरी बांधून दिली, मीही गेले. विहिरीजवळ निंबाखाली बसलो. केळीला आदल्या दिवशीच पानी झालं होतं, वाफे भरलेले, माती अजून चिकट. आसपासच्या मळ्यात चिटपाखरू नाही, जेवायची वेळ. आन तेवढ्यात शेतीची लाईट आली.

आमची मोटर धडधड सुरू झाली. तिकडं शेजारच्या मळ्यातली भास्करदादाची. नाल्यापलीकडची. एकापाठी एक नाही, एकदम बठ्ठ्या. कोनी मानूस नाही, कोनी बटन दाबलं नाही. भरलेल्या केळीत पानी परत पडायला लागलं, वाफा फुटला आन पानी नाल्याकडं निघालं.

भाऊ उठून उभे राहिले. "नाना, मोटर कोणी चालू केली?"

नाना हसले. "कोनीच नाही. ऑटो लावेल आहे ना भाऊ. लाईट आली का सोताच चालू होते."

ऑटो म्हंजे एक डबी. विहिरीवरच्या पेटीत बसवायची. शेतीची लाईट कधी येईल ह्याचा नेम नसतो. तिथं वाट पाहत कोन बसनार, साप-किरडात? म्हनून डबी. पन वायरमनला ती डबी चालत नाही. बठ्ठ्या मोटरी एकदम उठल्या की डीपी, तो खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळते. डबी दिसली की उपटून नेतात, लाईन कापायचा दम देतात. तरी गावातली एक विहीर डबीवाचून नव्हती.

"पण केळीला पाणी नको आहे आज," भाऊ म्हनले. "नको असलं तरी चालू ठेवता?"

"आज आली. उद्या येईन का नाही, तुमाले माहीत आहे का? मंग? आली तव्हा ओढून घ्यावं."

भाऊ मळ्याबाहेर निघाले. बांधाबांधानं चालत गेले. ह्या मळ्यात, त्या मळ्यात. प्रत्येक विहिरीवर थांबायचे, पेटी उघडून पाहायचे, पान्यात हात घालायचे. बुटात चिखल. परत आले तव्हा तोंड असं झालं होतं की मी घाबरले, काही चावलं का काय. माझ्याजवळ बसले आन हळू म्हनले,

"अक्का, हाई तहान नई शे. हाई धास्ती शे. मी धास्ती मोजी उनू."

तहान समजून धास्तीच मोजून आले म्हने. मला तव्हा अर्धं कळलं, अर्धं नाही. पन तो सुळका मला आठवला. जो वाढत चालला म्हनून नवा संच लागनार होता, तो हा. भरलेल्या वाफ्यात पडनारं पानी.

मंग त्यांनी परत बठ्ठं मांडलं. आठ-पंधरा दिवस खोलीबाहेर आले नाहीत, भाकरी आत न्यायची मी. गोनपाट वाळून जायचं, त्यांना भान नसायचं. मंग मुंबईला गेले, वरच्यांना भेटून आले. आल्यावर पायरीवर बसले. नानांनी विचारलं काय झालं? म्हनले, नवी रेघ दाखवली त्यांना. ते म्हनतात, चार विहिरी बघून आल्यावर तू आधीचा हिशोब खोटा म्हणतोस? पण जनसुनावणी आहे गावात. तिथं लोक आपल्या तोंडानं बोलले, की आमच्या मोटरी गरज नसताना चालतात, तर ते लिहून घ्यावं लागतं. मग सगळं परत तपासावं लागतं. नाना, गावानं एवढं सांगितलं तर मळे वाचू शकतात.

"वाचू शकतात का वाचतीन?"

"वाचू शकतात."

पारावर लोक जमवले. भाऊंनी समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मंग भास्करदादा उठले. गावात त्यांचा शब्द चालायचा.

"साहेब, तुम्ही म्हनता सुनावणीत सांगा, आमच्याकडं ऑटो आहे. बरं. उद्या वायरमन येईन, डबी काढीन, लाईन कापीन. केळी उभी वाळन. तव्हा तुम्ही कुठं राहाल? मुंबईले. लाईन कापनार नाहीत, हे तुम्ही नक्की सांगता का?"

बठ्ठा पार त्यांच्या तोंडाकडं पाहत होता. एक शब्द पाहिजे होता. दुसरा कोनी छातीवर हात मारून बोलला असता. पुढारी लोक रोज बोलतात. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ते माझ्या हातात नाही. कापणार नाहीत, असं मी नाही सांगू शकत."

लोक उठून गेले. कोनी म्हने हा वायरमनचाच मानूस आहे. कोनी म्हने ऑटो शोधायलाच खोली घेतली ह्यानं. गोड बोलून मळ्यात फिरला, पेट्या उघडल्या, पाहिलं ना तुम्ही? मी नानांना म्हनलं, भाऊ खोटं बोलत नाहीत. नाना म्हनले, "तो खोटं बोलत नाही म्हनूनच तर भ्याव वाटते. लाईन कापतीन, हे त्यानंच सांगितलं ना?"

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी गावातले पुरुष मळ्यात गेले. बठ्ठ्यांनी डब्या काढून आनल्या. कोनी कडब्याच्या गंजीत खुपसली, कोनी धान्यात. नानांनी आमची आनली आन देवळीत गनपतीमागं ठेवली. मी पाहिली, ते माझ्याकडं न पाहता बाहेर गेले.

शाळेच्या पटांगणात मांडव. खुर्च्या, माईक, बिस्किटं. आम्ही बायका मागं सतरंजीवर. मोठे साहेब मधे बसलेले. बोरसेभाऊंना बोलायला लावलं. ते इंग्रजी-मराठी मिसळून बोलले, घाईत बोलले, हात हलत होते. म्हनले, माझाच हिशोब आहे आणि तो चुकला आहे. ही वीज लोकांना लागते म्हणून नाही ओढली जात. पेटीतल्या डबीमुळं ओढली जाते. तुम्ही लोकांनाच विचारा.

साहेबांनी विचारलं, गावात ऑटो आहेत?

मंग भास्करदादा उठले. "आमच्या गावात एकबी ऑटो नाही साहेब. वायरमनला पाठवा, पाहून घ्या. आमाले उलट लाईट कमी पडते. आमाले जास्त पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, जास्त मागितली तर जास्त मिळन. जास्त लागते म्हटल्यावर संच लागनार, आन संच कुठं बसनार, हे त्या टाळ्यांत कोनाच्या ध्यानात आलं नाही. का आलं असन, पन केळी डोळ्यासमोर होती आन नकाशा भिंतीवर.

भाऊ म्हनले, "नाना, तुमच्या मळ्यात मी पाहिला. आपण सोबत होतो."

नाना पुढच्या रांगेत होते. उठले. टोपी काढली, हातात धरली. मला त्यांची पाठ दिसत होती फक्त.

"नाही साहेब. पाव्हन्यांचं पाहन्यात चुकलं. आमच्या मळ्यात ऑटो नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

मला वाटलं भाऊ घरी आल्यावर बोलतीन. ते आले, हातपाय धुतले. नाना ओट्यावर खाली मान घालून बसले होते. भाऊ त्यांच्या शेजारी बसले. म्हनले, "नाना, तुम्ही केलं ते बरोबर होतं. लाईन कापली असती तर हे पीक गेलं असतं. माणूस आधी हातातलं राखतो. हे मीच धरायला पाहिजे होतं हिशोबात. मी विजेचा सगळा हिशोब केला आणि तुमचा केला नाही."

ते दोघं तसेच बसले, मी दिवा लावला तरी.

त्या आठवड्यात भाऊंची बदली झाली. धुळ्याला, कुठल्यातरी गोडाऊनवर. तारा आन खांब मोजायचं काम म्हने. कॉम्प्युटर जमा करून घेतला. जाताना मला म्हनले, "अक्का, गावलेच जाई ऱ्हायनू, चांगलं शे ना?" मी म्हनलं चांगलं शे. दोघांनाही माहीत होतं काय चांगलं होतं ते.

मळा गेला. पैसे मिळाले, ते जसे मिळतात तसे गेले. उभ्या केळीतून भिंत घातली. घड निसवलेले होते, मजुरांनी पंधरा मिनिटांत झाडं आडवी केली. विहीर आत राहिली.

आन संच काही आला नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मंग पेपरात आलं म्हने, एवढी वीज लागनार नाही, सौर पाट्या येनार, नवा संच रद्द. पोरानं वाचून दाखवलं. नाना ऐकत होते. म्हनले परत वाच. पोरानं परत वाचलं. जमीन परत देनार का, हे त्यात नव्हतं. आजही नाही दिली. आत काटेरी बाभळी माजल्या आहेत, डुकरं राहतात. मी कमलबरोबर दुसऱ्याच्या केळीत जाते, घड वाहायला. ह्या वयात मान दुखते, पन बसून राहिलं तर जास्त दुखते.

नाना त्यानंतर कुठल्या बैठकीला गेले नाहीत. भास्करदादाशी बोलले नाहीत, भांडलेही नाहीत. सकाळी उठून भिंतीपर्यंत जायचे, भिंतीला हात लावून परत यायचे. सुनावणीचं नाव मी काढलं नाही, त्यांनी काढलं नाही. तसेच गेले, एका पावसाळ्यात, थोड्याशा तापानं.

दहावं तापीवर केलं. बोरसेभाऊंना कोनी कळवलं काय माहीत. मी घाटावर पोचले तव्हा ते आधीच तिथं होते. केस पांढरे, चष्मा जाड झालेला, पायानं जरा लंगडत होते. मला पाहून हात जोडले. मीही जोडले.

पिंड ठेवला. कावळे होते, समोरच्या झाडावर होते, पन एकही खाली येईना. पोरानं हात जोडून सांगितलं, बाबा, आईले मी पाहीन. कावळा नाही. पोरगी बोलली, मंग नातू बोलला. नाही. ऊन चढायला लागलं. भटजी घड्याळ पाहायला लागले. मागून कोनीतरी मोठ्यानं म्हनलं, "नाना, मळा सोडवून आनू आम्ही!"

मी म्हनलं, "खोटं बोलू नका रे त्यांच्यासमोर."

तव्हा बोरसेभाऊ पुढं आले. चपला काढल्या, पिंडासमोर लंगडत जाऊन बसले. हात जोडले. हळू बोलले, पन मी जवळ होते, मला ऐकू आलं.

"नाना, तुमच्या मळ्यात ऑटो नव्हता. मी चुकीचं पाहिलं. नक्की नव्हता."

ज्या मानसानं बठ्ठ्या गावासमोर खोटं बोलायला नकार दिला, मळे गेले तरी दिला, तो मानूस मेलेल्या मानसाशी खोटं बोलत होता. आन माझ्या डोळ्याला तव्हा पानी आलं. नानांच्या मातीला नव्हतं आलं.

कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो शिवला, विधी उरकला. लोक हातपाय धुवून ट्रॅक्टरकडं निघाले. पोरानं मला वर चढवलं. मी म्हनलं भाऊंना बोलाव. पोरगं जाऊन आलं. म्हने, ते म्हनतात तुम्ही चला, मी बसतो अजून.

ट्रॅक्टर चढावर लागला तव्हा मी मागं पाहिलं. घाट रिकामा झाला होता. भाऊ त्या पिंडासमोर तसेच बसले होते, उन्हात, मान वर करून झाडाकडं पाहत.